पायपीट मंडळाचं सोनं

सरलाबाई पोतनीस मिशिगनमधल्या नोव्हायला मुलाकडे राहायला आल्या तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. वाईच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी दुसरीचा वर्ग धाकात ठेवला होता. आता धाकात ठेवायला घरात फक्त व्हॅक्यूम क्लीनर होता, आणि तोही त्यांचं ऐकत नसे. मुलगा श्रीरंग आणि सून सकाळी सातला आपापल्या गाड्या काढून कामावर जात आणि बाई संध्याकाळपर्यंत खिडकीत बसून राहत. समोर रस्ता होता, पण फूटपाथ नव्हता. एकदा त्या हिय्या करून रस्त्याच्या कडेने चालायला निघाल्या, तर लागोपाठ दोन गाड्या थांबल्या आणि मदत हवी का म्हणून विचारू लागल्या. इथे चालणारी बाई म्हणजे गाडी बंद पडलेली बाई, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं.

श्रीरंगशी त्यांचं ठरलं होतं की दिवाळीपर्यंत राहून बघायचं. जीव रमला तर कायमचं इथेच, नाहीतर वाईला परत. वाईच्या घरात आता कोणी नव्हतं. मुलाला सोडून त्या रिकाम्या घरात जायचं त्यांच्या जिवावर येत होतं, आणि इथे सामानासारखं पडून राहणंही सोसत नव्हतं. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

रविवार मात्र वेगळा असे, कारण रविवारी पायपीट मंडळ निघे. हे मंडळ राजाराम बेहेऱ्याचं. राजाराम मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. हृदयाचे डॉक्टर गुरुदत्त साने यांनी त्याला रोज चालायची तंबी दिली, तेव्हा त्याने एकट्याने चालायला साफ नकार दिला आणि डॉक्टरांसकट दहा-बारा मराठी माणसं गोळा केली. गळ्यात शिट्टी आणि हातात नकाशा घेऊन तो पुढे चाले. नकाशा त्याला वाचता येत असे, फक्त पटत नसे. पहिल्याच रविवारी त्याने सगळ्यांना ज्या सुरेख हिरवळीवर नेलं ते गोल्फचं मैदान निघालं, आणि त्याच्या बायकोच्या, नीलाच्या, बटाटेवड्यांच्या डब्यावर चेंडू येऊन आदळला. पुढच्या खेपेला मंडळी झाडांवर रंगवलेल्या निळ्या खुणांच्या मागोमाग तीन मैल चिखल तुडवत गेली. त्या खुणा घोडेस्वारांसाठी होत्या. चालून झालं की दीड तास खायचं हा नेम मात्र कधी चुकला नाही, त्यामुळे राजारामचं वजन वाढलं.

सरलाबाई या मंडळात सगळ्यांत खणखणीत चालणाऱ्या. पण पिशवी उचलायला गेल्या की कोणीतरी ती हातातून काढून घेई. ताटल्या मांडायला उठल्या तर, "काकू, तुम्ही बसा हो, रिलॅक्स करा." माया होती त्यात, नाही असं नाही. पण एकतीस वर्षं चाळीस मुलांचे शेंबूड पुसलेल्या बाईला रिलॅक्स करायला सांगणं ही शिक्षाच होती.

शहाऐंशी साली दसरा नेमका रविवारी आला. त्या दिवशी मंडळ एका तळ्याकाठच्या रानात गेलं होतं. झाडं लाल-पिवळी झाली होती. आपट्याचं पान इथे मिळायचं नाही हे सरलाबाईंना ठाऊक होतं, आणि सकाळपासून तेच त्यांच्या मनात घोळत होतं. एवढ्यात एका जुन्या झाडावर चढलेला वेल त्यांना दिसला. तीन-तीनच्या जुडग्यात तांबूस सोनेरी, तुकतुकीत पानं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी ओचा भरून पानं तोडली.

जेवणं व्हायच्या आधी त्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक पान ठेवत गेल्या. "आपटा नाही इथे. याचंच सोनं माना. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

गप्पा थांबल्या. एकेक जण वाकून नमस्कार करू लागला. डॉक्टरांनी पान दोन्ही डोळ्यांना लावलं. नीलाने अंबाड्यात खोवलं. राजारामने ते सदऱ्याच्या खिशात, अगदी छातीशी ठेवलं आणि उगाच तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. एकटी त्याची बारा वर्षांची मुलगी दीपा हात मागे घेऊन म्हणाली, "डॅड, आय डोन्ट थिंक वी शुड टच धिस."

"आजी देताहेत ना? मग घे आणि नमस्कार कर," राजारामने दटावलं. पोरीने बाहीने पान धरलं आणि नमस्कार केला.

दीपाला शाळेच्या कॅम्पात शिकवलं होतं, तिच्या बापाला कोणी शिकवलं नव्हतं. ती पानं पॉयझन आयव्हीची होती, नुसत्या स्पर्शाने अंगावर फोड उठवणारी. मंगळवारपर्यंत राजारामच्या छातीवर पानाएवढा लाल चट्टा उठला. नीलाची मान सुजली. डॉक्टरांचे डोळे असे मिटले की त्यांना दोन दिवस पेशंट कॅन्सल करावे लागले. उरलेले सगळे गुलाबी औषध फासून आपापल्या घरी खाजवत बसले. सरलाबाईंच्या हाताला मात्र काहीच झालं नाही. काही लोकांना ते बाधत नाही म्हणे. त्याचीच त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटली.

त्यांनी घरोघर फोन केले. बेहेऱ्यांकडे निरोप टेप करून घेणारं मशीन लागलं. बाईंना ते मशीन आहे हे कळलं नाही. "राजाराम, मी पोतनीसकाकू," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "ऐकतोयस ना? रागावला असशील तर बोलू नकोस. पण चूक माझी आहे. नीलाला कसं आहे?" पुन्हा थांबल्या. "बरं. ठेवते."

तो रागावलाय, बोलतसुद्धा नाही, अशी त्यांची खात्रीच झाली. रात्री जेवताना त्या श्रीरंगला म्हणाल्या, "ट्रॅव्हल एजंटला सांग. दिवाळीची वाट बघायला नको." श्रीरंगने खूप समजावलं. बाई ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी सोमवारी फोन करतो म्हणून तो उठून गेला, आणि बाई बेसिनपाशी उभ्या राहून पोटभर रडल्या.

रविवारी त्या चालायला गेल्याच नाहीत. आठ वाजता दारात शिट्टी वाजली. दार उघडलं तर पायऱ्यांवर अख्खं मंडळ उभं, कोणाची मान गुलाबी, कोणाचे हात गुलाबी. डॉक्टर काळा चष्मा लावून आले होते.

"राजाराम, अरे, तू फोनवर बोलला नाहीस," बाई कशाबशा म्हणाल्या.

"काकू, ते मशीन होतं. आम्ही चार वेळा ऐकलं. नीला रडली." राजारामने पिशवीतून प्लास्टिकची एक छोटी बंद थैली काढली. आत ते पान होतं, वाळून तपकिरी झालेलं. "डॉक्टर म्हणाले, टाकून दे. नीलाने सांडशीने उचलून यात ठेवलं. टाकवलं नाही."

"माझंही आहे घरी, बरणीत," डॉक्टर पुटपुटले. "सांगू नका कोणाला."

"सतरा वर्षं झाली मला इथे येऊन," राजाराम म्हणाला. "आई गेली तेव्हासुद्धा जाता आलं नाही. ती गेल्यावर हातावर सोनं ठेवणारं कोणी उरलं नव्हतं. इतक्या वर्षांनी मिळालं, काकू. थोडं खाजणारच."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि खाली वाकून दीपाचे दोन्ही हात हातात घेतले. "तू बरोबर सांगत होतीस, बाळ. आम्ही मोठ्यांनी ऐकलं नाही. आता मला इथली पानं तू शिकवायची."

"ओके, आजी," दीपा म्हणाली. "बट यू हॅव टू टीच मी टू. ती सोन्याची स्टोरी. डॅडला नीट येत नाही."

श्रीरंग मागे चहाचा कप घेऊन उभा होता.

"उद्या त्या एजंटला फोन करू नकोस," सरलाबाई त्याला म्हणाल्या, आणि पायात बूट घालायला खुर्चीवर बसल्या.