पाच पेल्यांचा एक कप: छावणीतले दहा दिवस

खरं सांगायचं तर मी फिरायला गेलेच नव्हते. पण तुमच्यापैकी बरेच जण अ‍ॅक्युपंक्चरबद्दल विचारत असतात, म्हणून लिहिते. माझा उजवा खांदा वर्षभर आखडलेला होता. वेणी घालता येईना, ते एक वेळ चाललं असतं. पण आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती आणि रोज पहाटे तिला उचलून खुर्चीत मीच बसवायचे. गोळ्या, शेक, व्यायाम सगळं करून दमले. धाकटा भाऊ विनय छत्रपती संभाजीनगरला असतो. त्यानं तिथल्या छावणी भागात सुयांचे उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंबद्दल सांगितलं. आईपाशी थांबायला ओळखीच्या मावशी मिळाल्या, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली आणि मी निघाले.

नाशिकहून एसटीनं पाच तास धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट. सकाळी निघालात तर डावीकडची खिडकी पकडा, उजवीकडे ऊन भाजतं. वैजापूरच्या पुढे शेतं नुसती उघडी पडलेली. शहर जवळ आलं की एकीकडे नव्या इमारती आणि दुसरीकडे टँकरच्या रांगा. रस्त्याकडेला माणूस उभा राहील एवढाले पाण्याचे पाइप पुरायचे राहिलेले. विनयचा फ्लॅट बीड बायपासच्या पुढे, तिसऱ्या मजल्यावर. त्याच्या बायकोनं, सुजातानं, दारातच बादल्या दाखवल्या. "ताई, ही प्यायची, ही भांड्यांची, ही संडासाची. अदलाबदल नको."

दुसऱ्या दिवशी छावणीत. सैल बाह्यांचे कपडे घाला आणि उपाशी जाऊ नका, चक्कर येते. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. बाईंनी आधी जीभ पाहिली, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी. झोप लागते का, तहान लागते का, राग कधी येतो, सगळं विचारलं. त्यांच्या चिनी शास्त्राप्रमाणे शरीरात एक प्राणशक्ती वाटांनी फिरते आणि वाट तुंबली की दुखतं. मला ते फारसं पटलं नाही. पण तीन वर्षांत मला एवढं कुणी विचारलंच नव्हतं.

केसासारख्या बारीक सुया. गंमत म्हणजे दुखतोय खांदा आणि पहिली सुई नडगीत! शेजारच्या खाटेवर गुडघ्यांसाठी आलेल्या, अजिंठ्याकडून येणाऱ्या धनगर आजी होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "भिऊ नको. आमच्यात बैल लंगडला तर डाग देतेत. ही बाई लई बरी, नुसतं टोचती." मग वीस मिनिटं हलायचं नाही. मी चक्क घोरले.

सोबत काढ्याच्या पुड्या मिळाल्या. वाळकी मुळं, सालं, लाल बोरं. आलं, दालचिनी, ज्येष्ठमध तर आपल्याच डब्यातलं. पाच पेले पाणी घालून मंद आचेवर एक कप उरेपर्यंत आटवायचं, तेही मातीच्या भांड्यात. ते जमत नसेल तर त्याचीच तयार भुकटी मिळते.

"पाच पेले जाळायचे?" आजी उठूनच बसल्या. "आमच्याकडं तेवढ्यात चार मेंढरं पितेत. मला भुकटीच द्या, बाई." त्यांना भुकटी मिळाली. मी मात्र गुलमंडीच्या मागच्या गल्लीत हंडी घ्यायला गेले. दुकानदार चाचा म्हणाले, "नवी हंडी है, रातभर पानी में डुबाके रखो, नहीं तो तडकती." मी म्हटलं, पानी किधर से लाऊं? "वो तुम्हारा मसला, आपा."

तीन दिवस सुजातानं मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. काढा तीच करायची. चव अगदी पाणचट, आणि कप कसला, चार पेले भरायचे. ओतून देणं त्या घरात पाप, म्हणून मी ते सगळे गिळत होते. चौथ्या दिवशी पोट बिनसलं तेव्हा बाईंनी खोदून विचारलं आणि उलगडा झाला. सुजातानं सवयीप्रमाणे, वाफेवरच्या भाजीला ठेवतात तसं, हंडीवर पाण्याचं ताट ठेवलं होतं! वाफ परत हंडीतच. बाई पोटभर हसल्या. "पाणी जाऊ द्या हो. ते गेल्याशिवाय औषध कसं होणार?"

त्या संध्याकाळी ताट न ठेवता हंडी चढवली. आम्ही दोघी वाफेकडे बघत उभ्या. सुजाता हळूच म्हणाली, "ताई, आईंना इकडं आणायचं दर महिन्याला ठरवतो. मग त्यांचे रोज धुवायचे कपडे, चादरी आठवतात. टँकरवाल्याला फोन लावतो, भाव ऐकतो अन् गप बसतो."

मी इतकी वर्षं "माझं चाललंय" म्हणत आले होते. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "सुजाता, माझ्याच्यानं आता आई उचलवत नाही." विनय दारात होता. त्यानं ऐकलं. हंडीकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही, आणि काढा करपला.

जेवताना विनय एवढंच म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यात मी गाडी घेऊन येतो. पाण्याचं माझं मी बघतो." मला हलकं वाटायला हवं होतं. लाज वाटली.

दहा बैठका झाल्या. चमत्कार काही झाला नाही, पण हात कानापर्यंत जातो आणि वेणी घालता येते. सुयांनी की झोपेनं, सांगता येत नाही. जमलं तर जा. मात्र राहायला नातेवाइकांकडे असाल तर काढा नको, भुकटी मागा.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मला काय कळत नव्हतं? उचलताना तू दात खातेस. कानाशीच असतेस माझ्या."

आता आई विनयकडे असते. फोनवर विचारते, खांदा कसा आहे? बरा आहे म्हणते, आणि तो आहेही. पहाटे साडेपाचला अजून जाग येते. हात आपोआप पुढे होतो, न दुखता, आणि शेजारची खाट रिकामी असते.