पान एक्केचाळीसचा हाशिया

पुस्तकातला कोणता शब्द ठळक छापायचा आणि कोणता तिरपा, हे ठरवायचा मला पगार मिळतो, यावर हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात कुणाचा विश्वास बसला नाही. सुट्टीत घरी आलो की बाजारात कुणीतरी हमखास विचारायचं, "पुण्यात काय करून राहिलास?" मी सांगायचो, कॉम्प्युटरच्या भाषेचं पुस्तक तयार करतो. समोरचा मान हलवायचा आणि कापसाकडं वळायचा. एकानं तर तोंडावरच सांगितलं, "म्हंजे शब्दाखाली रेघा मारतोस. ते तर शाळेतले मास्तर बी करतेत." त्याचं काही चुकलं नव्हतं. मी रेघाच मारत होतो.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. पुण्यातल्या ज्या संस्थेत मी नोकरीला होतो, तिथं खोलीभर पसरलेलं एक यंत्र होतं आणि त्याच्याकडून काम करून घ्यायची भाषा होती फोरट्रान. ती शिकायला येणाऱ्यांसाठी संस्थेनं इंग्रजीत एक मार्गदर्शिका काढली होती. तिची टाइप केलेली पानं प्रेसकडं जाण्याआधी माझ्याकडं यायची; छापील पुस्तकातही पानाला पान तेच राहायचं. शब्दाखाली लाल रेघ असली की प्रेसनं तो ठळक छापायचा, निळी असली की तिरपा. ठळक शब्द शिकणाऱ्यानं जसाच्या तसा, यंत्राला द्यायच्या कार्डावर छिद्रं पाडून उतरवायचा. तिरपा शब्द उतरवायचा नाही, त्याच्या जागी आपला आकडा किंवा आपण ठरवलेलं नाव घालायचं. एवढंच. पण रेघेचा रंग चुकला की वाचणारा नको त्या शब्दाची छिद्रं पाडून बसायचा. मग यंत्र त्याचा सगळा गठ्ठा नाकारायचं, आणि हे त्याला कळायचं दुसऱ्या दिवशी.

यंत्र बदललं की भाषेतही थोडाफार फरक व्हायचा. मग मजकूर नव्यानं टाइप व्हायचा, आणि जुन्या प्रतीतली एकूण एक रेघ त्या कोऱ्या पानांवर पुन्हा उतरवावी लागायची. या कामाचा मला मनापासून कंटाळा होता. असं काम ऐन भरात आलं असताना मला कावीळ झाली. साहेबांनी रजा दिली, पण जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती ट्रंकेत भरून दिल्या. प्रेसशी तारीख ठरलेली होती.

आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, निजामाच्या राज्यात हिंगोलीच्या तहसील कचेरीत नक्कलनवीस होते. निकाल, अर्ज, जमिनीचे कागद यांच्या नकला करायच्या, उर्दूत, बोरूनं. आबांची नक्कल शेजारी ठेवली की मूळ कागदच ओशाळतो, असं मास्तरसाहेब म्हणायचे. मास्तरसाहेब म्हणजे आमच्या गल्लीतले उर्दू शाळेचे जुने शिक्षक, आबांचे जन्माचे दोस्त. पुढं राज्य गेलं, कचेरीची भाषा बदलली. आबांची मराठी अक्षरं पहिलीतल्या लेकरासारखी होती, मोठी आणि सुटी सुटी. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पाकिटांवर तिकिटं चिकटवली. तिशी ओलांडलेल्या, कामात पक्क्या माणसाला असं अचानक अडाणी ठरवलं तर त्याचं काय होत असेल, हा विचार त्या वयात मी कधी केला नाही. ते बोलायचे नाहीत आणि मी विचारायचो नाही.

मी पडवीतल्या खाटेवर बसून उसाचा रस पीत रेघा मारायचो. आबांनी दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी जवळ आले.

"काय करून राहिलास?"

मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे नक्कलच हाय की."

"रेघांची नक्कल, आबा."

"आण इकडं."

"तुम्हाला इंग्रजी कुठं येतं?"

"मला वाचायचं कुठं हाय? नकलेला वाचावं लागत न्हाई. बघावं लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून आबा पडवीत येऊन बसले. माळ्यावरची उतरत्या झाकणाची लिहायची पेटी त्यांनी खाली काढली होती. ब्लेडनं माझ्या लाल आणि निळ्या अशा दोन्ही पेन्सिलींना टोक केलं. आई आतून हळूच मला म्हणाली, "कचेरीलाच निघाले जनू." ती हसत होती, पण पदर डोळ्यांना लावला होता.

त्यांची पद्धत न्यारी होती. डावीकडं जुनं पान, उजवीकडं नवं. ओळीखाली पट्टी ठेवायची, शब्द बोटानं दाबून धरायचा, मग रेघ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कायदा सांगितला. नक्कलनवीसानं मूळ कागद दुरुस्त करायचा नसतो. मुळात चूक दिसली तरी ती तशीच उतरवायची, शंका हाशियावर लिहायची आणि साहेबाला विचारायची. पानाच्या समासाला ते हाशिया म्हणायचे. दिवसाचं काम संपलं की हात झटकून म्हणायचे, "दाखल दफ्तर." कचेरीत निकाली निघालेल्या कागदावर हा शेरा मारायचे, म्हणजे काम संपलं, आता कागद दप्तरात जाणार. हे दोन शब्द मी कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून ऐकत होतो.

महिनाभरात माझ्यापेक्षा त्यांचीच तब्येत सुधारली. मास्तरसाहेब दुपारी गप्पा मारायला आले की आबा मान वर न करता म्हणायचे, "थोडं काम हाय. बसा." काम हाय, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मला त्याचं बरं वाटायचं आणि गंमतही वाटायची. माझी कंटाळवाणी बिगारी कुणाला इतकी प्यारी असेल, असं वाटलं नव्हतं.

सुरुवातीला ते दिवसातून दोन-तीनदा पान घेऊन यायचे. हे बघ जरा, म्हणायचे. मी बघायचो, सांगायचो. एका दुपारी मी मजकुरात नव्यानं आलेल्या भागातल्या एका अवघड परिच्छेदात अडकलो होतो. ते खाटेपाशी येऊन उभे राहिले. "हे बघ जरा. बराबर वाटत न्हाई." मी वर पाहिलं नाही. "आबा, जसं आहे तसंच करा," म्हणालो. ते पान घेऊन परत जाग्यावर जाऊन बसले. त्यानंतर ते पान दाखवायला आले नाहीत. मला वाटलं, आता हात बसला.

मी निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी सगळी पानं लाल कापडात बांधून माझ्यापुढं ठेवली. मी गाठ सोडली. पानं दोऱ्यानं शिवलेली होती, समान अंतरावर, एकसारखे टाके. पण शिवली होती उजव्या कडेला.

उर्दू पुस्तक आपल्या उलट बाजूनं उघडतं. आबांनी निजामाच्या कचेरीत वर्षानुवर्षं तसेच गठ्ठे शिवले होते. टाइप केलेल्या पानाला उजवीकडं जागा अशी सोडलेलीच नसते. सुई ओळींच्या शेवटातून आरपार गेली होती. कुठं स्वल्पविराम फुटला होता, कुठं कंस. त्या भाषेत एक स्वल्पविराम हरवला तरी सगळं मुसळ केरात. आणि डावा समास, जिथं मला प्रेससाठी सूचना लिहायच्या होत्या, तो पेन्सिलीतल्या बारीक उर्दू ओळींनी पानोपान भरला होता.

माझी गाडी जवळ आली होती. कावीळ नुकतीच उतरली होती, डोकं ताळ्यावर नव्हतं. ही कारणं मी आजवर स्वतःला खूप वेळा दिली आहेत.

"आबा, हे उर्दू नाही," मी म्हणालो. "तो जमाना गेला. अजून कसं कळत नाही तुम्हाला? हात लावला नसता तर बरं झालं असतं."

आबा म्हणाले, "सवय हाय रे हाताची. काढून देऊ का टाके?"

मी गठ्ठा पुढ्यात ओढला. ब्लेड घेतलं आणि टाके तोडत गेलो. फुटलेली अक्षरं पेनानं गिरवली. मग खोडरबर घेऊन डावे समास पुसायला बसलो. आबा समोरच बसून होते. पानावरून पडलेला रबराचा भुगा तळहातानं गोळा करत होते. काय लिहिलं होतं, हे मी विचारलं नाही. मला तो पसारा वाटत होता, दुसरं काही नाही.

पहिली गाडी चुकली. दुसऱ्या गाडीला ते माझ्याबरोबर स्टँडवर आले. गठ्ठा त्यांनीच धरला होता. गाडी आल्यावर दोन्ही हातांनी माझ्याकडं दिला.

मार्गदर्शिका छापून आली. पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. पान एक्केचाळीसवरचं उदाहरण जो उतरवेल, त्याची कार्डं परत. तिथं एक शब्द तिरपा असायला हवा होता, तो ठळक छापला गेला होता. पोरं आपला आकडा घालायच्या ऐवजी तो शब्दच कार्डावर उतरवत होती. साहेबांनी सगळ्यांदेखत मला झाडलं. मी प्रेसला दिलेली प्रत काढली. शब्दाखाली लाल रेघ होती, आबांच्या हातची, सरळ आणि स्वच्छ. जुनी प्रत कपाटात वरच्या फळीवर होती. ती मी काढली नाही. शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या, आठवडाभर एकेका पुस्तकात खळीनं चिकटवत बसलो, आणि बोटांना खळ लागलेली असतानाच आबांना पोस्टकार्ड लिहिलं. तुमच्या हातून पान एक्केचाळीसवर एक खूण चुकली, मला फार ऐकून घ्यावं लागलं.

त्यांचं उत्तर आलं. मोठी सुटी सुटी मराठी अक्षरं, शिरोरेघा वरखाली. 'चूक माझी आहे. तुला तकलीफ झाली. माफ करणे. तब्येत सांभाळणे.' खाली सही उर्दूत, झोकदार.

मला ते वाचून समाधान वाटलं. खोटं कशाला सांगू?

पुढच्या वर्षी आबा गेले. तार मिळून मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. आईनं सांगितलं की लिहायची पेटी त्यांनी पुन्हा माळ्यावर टाकली होती. "तू गेल्यापासून पेन्सिलीला हात लावला न्हाई," ती म्हणाली. "मी म्हनलं, काहून? तर म्हनले, नजर ऱ्हायली न्हाई आता."

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती पेटी खाली काढली. आत लाल-निळ्या पेन्सिलींची थोटकं होती, माझ्या खोडरबराचा एक तुकडा होता आणि घडी घातलेले उर्दूतले तीन कागद होते. मास्तरसाहेब बसायला आले होते. मी ते कागद त्यांच्यापुढं केले.

त्यांनी चष्मा पुसला, पहिला कागद वाचला आणि म्हणाले, "यादी आहे बेटा. हाशिये पर जो जो लिखा, उसकी यादी. नक्कलनवीस ठेवायचेच अशी. मूळ कागद गेला तर सवाल तरी राहावा म्हणून."

ते एकेक ओळ वाचत आणि मला मराठीत सांगत. पान बारा, रेघ पुसट आहे, मुलाला विचारलं, लाल म्हणाला. पान एकोणीस, दोन शब्द जोडून आलेत, मुलाला विचारलं, वेगळे करा म्हणाला. दुसऱ्या कागदाच्या मध्यावर ते थांबले. माझ्याकडं एकदा बघितलं आणि मग वाचलं.

"पान एक्केचाळीस, ओळ सहावी. या आकाराचा शब्द आधी सतरा वेळा आला, सगळीकडं निळा आहे. मूळ प्रतीत इथंच लाल आहे. चूक वाटते. मुलाला विचारलं. जसं आहे तसंच करा म्हणाला. तसंच केलं."

जुन्या प्रतीतल्या सगळ्या रेघा माझ्या होत्या. त्या कावीळ व्हायच्या आधी मी पुण्यात मारल्या होत्या; ती प्रत छापायला जाण्याआधीच यंत्र बदललं, म्हणून चूक तेव्हा उघडकीला आली नव्हती. पुण्याला गेल्यावर मी कपाटातली ती प्रत काढून बघितली नाही. गरज नव्हती. इंग्रजीचा एक शब्द न येणाऱ्या माणसानं नुसत्या बघण्यानं माझी चूक धरली होती, तीन ठिकाणी सांगितली होती, मला, हाशियावर आणि या यादीत. मी एकदा मान वर केली नव्हती आणि एकदा खोडरबर घेतलं होतं. आणि माझं पोस्टकार्ड त्यांच्या हातात पडलं तेव्हा ही यादी त्यांच्या पेटीत होती.

"अजून एक ओळ आहे," मास्तरसाहेब म्हणाले. "शेवटी. शाई वेगळी आहे, नंतर लिहिलेली दिसते."

"वाचा."

"पान एक्केचाळीसबद्दल मुलाचं पत्र आलं. चूक नक्कल करणाऱ्याची, असं कळवलं. दाखल दफ्तर."

आत आई कुणाशी तरी बोलत होती. मला रडू आवरेना. मास्तरसाहेबांनी तिन्ही कागद घडी करून माझ्या हातात दिले. जरा वेळानं मी ते उघडले आणि ती ओळ शोधायला लागलो. त्यांनी थोडा वेळ बघितलं, मग हात पुढं केला आणि माझ्या हातातला कागद फिरवून सुलटा धरून दिला.