पान्हाबाईचे हात

पान्हाबाई गायीला हात लावण्याआधी तिला सांगत असे. गोठ्याच्या दारात थांबून "आली बरं मी" म्हणायची. मग "चांदी, पाठीले हात लावून रायली", "चांदी, आता खाली बसून रायली" असे एकेक सांगत कासेपर्यंत पोहोचायची. राइस मिलचे हमाल तिची टिंगल करत. "काऊन वो बाई, गाईले समजते का?" एकाने विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुले समजते ना? मंग तिले काऊन नाही समजणार? अन् तुले कोनी मांगून येऊन अचानक धरला, तं तू बी लातच मारशीन."

हे नाव तिला गायींमुळेच पडले. वासरू दगावलेली, नव्याने विकत आणलेली, बिथरलेली, कुठलीही गाय तिच्या हाताखाली पान्हा सोडायची. सालेकसा रस्त्यावर शेठची राइस मिल होती आणि मिलच्या मागे वीस-बावीस संकरित गायींचा गोठा. तिथे ती सुरुवातीपासून धार काढायला होती. दूध शहरात जाई. काही गिऱ्हाइके शेठला विचारत, "दूध निकालता कौन है?" त्या प्रश्नाचा अर्थ आमच्या बौद्ध वस्तीतल्या लहान पोरालाही कळत असे. शेठ हसून म्हणायचे, "गाय से पूछो ना भाई. उसको जिसका हाथ पसंद, वो निकालता है." शेठचे हे उत्तर आमच्या वस्तीत अनेक वर्षे कौतुकाने सांगितले जात होते.

गायींची रांग तिने कधी मोडली नाही. आधी चांदी, मग मैना, मग काबरी. हा क्रम कोणी ठरवला असे मी एकदा विचारले, तर म्हणाली, "त्यायनंच ठरवला. आपन फक्त ध्यानात ठेवाचा." धार काढायला ती एकच हिरवे लुगडे नेसायची. ते धुवायची आणि वाळवून पुन्हा तेच नेसायची. एकदा लग्नाहून थेट नव्या जांभळ्या लुगड्यात आली, तर मैनेने तिला ओळखच दिली नाही. निम्मे दूध वरच चढवून ठेवले. पान्हाबाई हसत घरी गेली आणि लुगडे बदलून परत आली. "रुसली होती माझी माय," एवढेच म्हणाली.

मी तिला मोठीमाय म्हणत असे. माझी आई आणि ती धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, एका बांधीत राबलेल्या. बारावीच्या परीक्षेत रोज सकाळी तिच्याकडून माझ्यासाठी पेलाभर दूध यायचे. "डोक्याले लागते," असा निरोप असायचा. दुग्धशास्त्राची पदवी घेऊन मी परत आलो, तेव्हा वस्तीतला पहिला पदवीधर म्हणून मला हार घातला गेला. नंतरचे आठ महिने मी घरीच बसून होतो. मग पान्हाबाई शेठसमोर जाऊन उभी राहिली आणि आपल्या हिंदीत म्हणाली, "सेठ, हमारे मोहल्ले का पयला ग्रॅज्युएट लडका है. तुमारे गाय का भला होयेगा." मला गोठ्यावर सुपरवायझरची नोकरी मिळाली. तिच्यावरच देखरेख करण्याची.

पुढच्याच वर्षी शेठने दूध काढण्याचे यंत्र आणले. पान्हाबाईने तोंड वाकडे केले असेल असे कोणाला वाटेल, पण ती खूश झाली. तिची बोटे सांध्यांत सुजू लागली होती. तिने मला एकच अट घातली. "पयले आठ दिवस नुसता आवाज होऊ दे. लावू नोको." मग आठवडाभर यंत्र गोठ्यात रिकामेच चालत राहिले आणि ती त्याच्या बाजूला उभी राहून गायींना सरकीची ढेप चारत राहिली. नवव्या दिवशी चांदीच्या सडांना यंत्राचे पेले लावले, तर तिने कानही हलवला नाही. शेठने माझी पाठ थोपटली. "पढाई का फरक पड़ता है." मी ते ऐकून घेतले. कल्पना कोणाची, हे सांगितले नाही.

त्या यंत्राबद्दल थोडे सांगायला हवे. चार सडांना चार पेले बसतात. पेल्यातली रबरी नळी सडाला ओढते आणि मग क्षणभर सोडते. त्या सोडण्याच्या क्षणात सडाला विश्रांती मिळते. ही ओढ-सोड एका लयीत चालू ठेवणारा मुठीएवढा भाग असतो, त्याला पल्सेटर म्हणतात. तो हवा आत घेतो, म्हणून त्याची जाळी दर आठवड्याला साफ करायची, असे पुस्तिकेत लिहिले होते. मीच ते शेठला वाचून दाखवले होते. सुरुवातीला जाळी साफ केलीही. पुढे धानाचा हंगाम आला, मिल दिवसभर चालू लागली, कोंडा गोठ्यापर्यंत उडून येऊ लागला, आणि नेमकी तेव्हाच जाळी साफ करायचे राहत गेले.

ते आधी पान्हाबाईच्या कानाला कळले. "बाबू, मशीन दम घेऊन नाही रायली," ती म्हणाली. गायी पाय आपटू लागल्या होत्या. चांदी, जी नेहमी पहिली पुढे येई, ती मागे मागे राहू लागली होती. मी भिंतीवरच्या दाबमापकाकडे बोट दाखवले. "मोठीमाय, काटा बघ. बरोबर आहे."

"काटा भितीवर हाये बाबू. सड मशीनीत हाये."

तिने चालू यंत्राचा एक पेला हातात घेतला आणि आपला अंगठा त्यात घातला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग पेला माझ्यापुढे धरला. "हा सोडतच नाही. तू घालून पाह्य."

मिलचे दोन हमाल तिथे उभे होते. एक म्हणाला, "बाई तं साहेबाची परीक्षा घेऊन रायली!" दुसरा हसला. मीही हसलो. म्हणालो, "तुझी बोटं सुजलेली आहेत मोठीमाय, म्हणून तुला तसं वाटतं." तिने पेला खाली ठेवला. त्यानंतर ती यंत्र थोडे लवकर काढू लागली आणि कासेत उरलेले दूध हाताने पिळू लागली. गायींचा त्रास तेवढा तरी कमी व्हावा म्हणून. हे मला तेव्हाही समजत होते.

पंधरा दिवसांत पाच गायींच्या कासा सुजल्या. दुधात गाठी येऊ लागल्या. कासदाह. शेठ गोठ्यात आले. "मेरे को कारण लिख के दो. कागज पे." मी घरी जाऊन पुस्तके उघडली. पुस्तकात कारणे बरीच होती. यंत्रातला बिघाड हेही होते. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो, कारण यंत्र माझ्या जबाबदारीत होते. मग लिहिले, "यंत्रानंतर हाताने दूध पिळण्याची सवय व हातांची अस्वच्छता हे संभाव्य कारण." 'संभाव्य' हा शब्द लिहिताना मला वाटले, आपण अगदीच खोटे लिहीत नाही आहोत.

ज्या हातांबद्दल शहरातली गिऱ्हाइके आडून विचारत आणि शेठ ज्यांची बाजू घेत, त्या हातांना अस्वच्छ म्हणणारा पहिला कागद आमच्याच वस्तीतल्या पदवीधराने लिहिला. ती गायीलाही सांगितल्याशिवाय हात लावत नसे. मी तिला काहीही न सांगता लिहिले.

शेठने तिला अंगणात बोलावले. "बाई, हाथ धोती हो कि नहीं?"

तिने आधी आपल्या हातांकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी गोठ्याच्या दारातून दिसणाऱ्या काट्याकडे पाहत होतो. "धोती ना सेठ," ती म्हणाली. शेठ म्हणाले, "कल से मत आना." ती वळली. गोठ्याच्या दारात थांबली आणि आतल्या गायींना म्हणाली, "जाऊन रायली बरं मी."

चार दिवसांनी यंत्राच्या कंपनीचा माणूस नागपूरहून ठरलेल्या तपासणीला आला, तेव्हा शेठ मिलमध्ये होते. त्याने काट्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पेला उचलला आणि त्यात अंगठा घातला. "साहेब, हे सोडतच नाहीये," तो म्हणाला. पल्सेटर उघडला तर जाळीवर कोंड्याचा थर घट्ट बसलेला. तो साफ करून निघून गेला. गोठ्यात कोणी नव्हते तेव्हा मी माझा अंगठा पेल्यात घातला. ओढ, सोड. ओढ, सोड. दोन मिनिटे तसाच उभा राहिलो.

गायी हळूहळू बऱ्या झाल्या. चांदीचे मात्र दोन सड कायमचे गेले आणि शेठने तिला बाजारात विकले. एक दिवस शेठ मला म्हणाले, "देखा? बाई गई और गायें ठीक." मी मान हलवली. होकारार्थी. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या असतील, पण मानेची ती हालचाल मला अजून जशीच्या तशी आठवते.

दोन वर्षांनी मला नवेगाव बांधकडे दूध उत्पादकांना शिकवण्याची नोकरी लागली. शेठला खरे सांगावे, असे दर सणाला गावी येताना ठरवायचो. सांगितले नाही. मग शेठ वारले. ते कळल्यावर मला आधी सुटल्यासारखे वाटले आणि नंतर त्या वाटण्याचीच लाज वाटली. त्या लाजेने मी पान्हाबाईकडे गेलो.

ती अंगणात होती. एक बकरी, दोन पिल्ले. "जय भीम बाबू. बस." मी बसलो आणि सगळे सांगून टाकले. जाळी, कोंडा, कागद. तिने मध्ये अडवले नाही. शेवटी म्हणाली, "मले तं मालूमच होता. तुले सांगतला बी होता."

"मग शेठला का नाही बोललीस?"

"तू होता ना बोलाले. शिकलेला." बकरीच्या पिल्लाला तिने बाजूला सारले. "शेटले सांगतला का तू?"

"शेठ तर वारले, मोठीमाय."

"मालूम हाये. शेवटचा पाहाले गेली होती मी." चुलीकडे वळत म्हणाली, "मंग आता मले कायले सांगून रायला?"

तिने चूल पेटवली, चहाचे आधण ठेवले. उकळी येईपर्यंत चांदी कोणी घेतली, कुठल्या गावाला गेली, हे विचारत राहिली. मला ते माहीत नव्हते. मग ती उठून रांजणाजवळ गेली. साबणाची वडी घेतली. हात मनगटापर्यंत घासले, बोटांच्या फटीत घासले, नखे घासली, लोट्याने पाणी ओतले. हे रागाने नव्हते, टोमणाही नव्हता. इतक्या वर्षांत सवय झालेली दिसत होती. माझ्यासमोर येऊन तिने दोन्ही हात पुढे केले, आधी तळवे, मग मागची बाजू.

"धुतले बरं बाबू," ती म्हणाली, आणि मग कपाला हात लावला.