घरमालक माहेरचा होता

स्लॅबचा तुकडा पडला तेव्हा नात पाळण्यातच होती. मुलगा-सून कामावर गेलेले, मी ओट्यापाशी. धाडकन आवाज झाला आणि खोली धुळीनं भरली. रडणं ऐकू आलं नाही. पाळण्यात हात घातला तर आधी खडी लागली, मग पोरीचा पाय. उचलली तेव्हा तिनं श्वास धरला होता. पाठीत थोपटलं तशी रडली. तुकडा पाळण्याच्या लोखंडी दांड्यावर आपटून बाजूला पडला होता.

चूक माझीही होती. छत वर्षभर गळत होतं, सळ्या उघड्या पडल्या होत्या. पण घरमालक माझ्या माहेरचा, कवठे येमाईचा. दौंडला खोली घेतली तीच त्या ओळखीवर. माहेरच्या माणसाला आम्ही भाऊ मानतो. तो म्हणायचा, "बघू अक्का, दिवाळी होऊ दे," आणि मी त्याला चहा पाजून लावून द्यायची. मुलगा लेखी तक्रार द्यायला निघाला, तर मीच अडवलं. भावावर कागद करायचा नाही म्हणून.

आवाज ऐकून शेजारचे गवंडी धावत आले. सगळी आळी त्यांना चाचा म्हणते. त्यांनी वर बघितलं.

"मावशी, भाऊ सांभाळायचा का नात?"

"नात."

"मग पेन घ्या."

"माझी शाळा चौथीपर्यंत."

"स्लॅब पडला, एवढं लिहायला चौथी बास हाय. वर तारीख टाका. पंधरा दिवसांत न्हाई केलं तर आपण करून घ्यायचं. खर्चाचा काही भाग भाड्यातनं कापता येतो, तसा कायदा हाय."

दुपारी त्यांनी कामावरचे लोखंडी टेकू आणून स्लॅबखाली उभे केले. मजुरी विचारली तर म्हणाले, "टेकू परत द्या, म्हंजी झालं."

पत्र मी लिहिलं, मुलानं पोस्टात टाकून पोच घेतली. चौथ्या दिवशी घरमालक दारात.

"अक्का, भावाला पोस्टानं कागद धाडलास?"

"भावाला वर्षभर तोंडानं सांगितलं. कागद घरमालकाला हाय."

तो टेकूंखालनं वाकून छत बघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं माणसं लावली. काम चांगलं केलं, ते मी नाकारत नाही. भाऊबीजेलाही आला.

उपकार मात्र चाचांचे. ते नसते तर मी त्याला अजून चहाच पाजत बसले असते.

त्या सकाळी खोलीत दोघीच होतो, मी आणि दहा महिन्यांची नात. दोघी वाचलो.