पँटला पाय दोनच

गल्लीतला शिंपी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. कॉलर कशी हवी हे गिऱ्हाइकाने सांगितलं, तरी याच्या नाकाचा शेंडा लाल. मेव्हणा चांगला वायरमन, दोन गल्ल्या सोडून राहायचा. पण बायकोच्या भावाचे उपकार घ्यायचे नाहीत, म्हणून शिंप्याने घराचं वायरिंग स्वतःच करायला घेतलं. कोटाला अस्तर लावणाऱ्या हाताला दोन वायरी जोडता येत नाहीत का, असा त्याचा सवाल.

दुकानदाराने लाल, काळी, हिरवी वायर पुढे केली तेव्हा तो उखडलाच. पिस्ता भिंतीवर असली ठिगळं? त्याने सगळी वायर भिंतीच्या रंगाचीच घेतली. हिरवी कशासाठी असते हे दुकानदार सांगू लागला, तर त्याला मध्येच कापलं. "पँटला पाय दोनच असतात. तिसरा शिवून कुणाला घालू?"

वायरींना त्याने सुबक गाठी मारल्या, वर अस्तराच्या पट्ट्या गुंडाळून तुरपाई केली. बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं असं काम. तेच बोट वायरीला मात्र लावू नये. पंखा लावला की दारावरची बेल वाजायची, आणि न आलेल्या पाहुण्यांना दार उघडून उघडून बायको थकायची. फ्रिजला हात लावला की मुंग्या यायच्या. गारठ्याने येतात, असं शिंप्याचं निदान. बायको मुकाट्याने रबरी बूट घालून स्वयंपाक करू लागली.

एका दुपारी ती बूट घालायला विसरली. फ्रिजने असा हिसका दिला की दुधाचं पातेलं उडालं आणि ती भिंतीला पाठ लावून खालीच बसली. शिंपी धावत आला. तिला श्वास सावरायला वेळ लागला. मग ती शांतपणे म्हणाली, "अहो, एक तर माझ्या भावाला बोलवा, नाहीतर मला रबराचा झगा शिवा. घ्या माप."

टेप गळ्यातच होता. पण माप कसलं घेतो! तो तसाच अनवाणी मेव्हण्याकडे पळाला.

मेव्हण्याने आल्या आल्या मेन स्विच बंद केला, मग एक तुरपाई उसवून पाहिली. तो हसला नाही, आणि तेच शिंप्याला जास्त झोंबलं. "दाजी, टाके झकास आहेत. पण तिसरी वायर नसली की फ्रिजात उतरलेली वीज ताईच्या अंगातून जमिनीत जाते. सगळं उसवावं लागेल."

उसव, म्हणाला शिंपी. जन्मात पहिल्यांदा.

मेव्हणा स्टुलावर चढला, तेव्हा शिंप्याला दिसलं की त्याची पँट मागून उसवली होती आणि वर काळी चिकटपट्टी मारलेली होती. हे कुणी केलं, असं त्याने विचारलं. मीच, म्हणाला मेव्हणा. एवढ्याशा कामाला शिंपी कशाला?

"अरे, ज्याचं काम त्याने करावं! काढ ती पँट."

मग मेव्हणा टॉवेल गुंडाळून वायरी ओढत राहिला आणि शिंपी खिडकीच्या उजेडात हाताने टाके घालत राहिला.

मेन पुन्हा चालू झाला. बायको आता बूट घालूनच उभी होती. फ्रिजला पहिला हात कुणी लावायचा, हे तिने नुसत्या नजरेने सांगितलं.

शिंप्याने बूट मागितले. तिने दिले नाहीत.