डावी कळी
गल्ल्यावर कुणी मोगऱ्याचा गजरा विसरून गेलं की मी तो अजून हाताने उचलत नाही. काही वर्षांपूर्वी मी डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये पर्मनंट होते आणि खोपटला एसटी डेपोसमोर स्वतःची खानावळ काढायचं माझ्या डोक्याने घेतलं होतं. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलेला. आई म्हणाली, आधी गावदेवीला कौल लावू. आमच्यात त्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. भर दुपारी देवळात आम्ही दोघीच होतो. बाहेर कंपन्यांचा तो आंबट वास, आत ओल्या मोगऱ्याचा. आईने देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी पाण्याने चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग ती डोळे मिटून बसली. बराच वेळ काहीच हललं नाही, आणि अचानक डावी कळी घसरली. मी ती उचलून परत खांद्यावर दाबली, उजवी खाली टाकली आणि म्हटलं, “आई, बघ.” आईने वाकून नमस्कार केला. पायरीवर चप्पल घालताना मात्र माझ्याकडे न बघता म्हणाली, “मना सगला दिसलाय, बाय. आता मांगं फिरू नको.” मी फिरले नाही. आज दुपारी माझ्या खानावळीत बसायला जागा मिळत नाही. आई दर मंगळवारी येते, भाजी निवडते, भाकऱ्या थापते, आणि जेवायच्या वेळी पिशवीतून घरचा डबा काढते. माझ्याकडचं पाणीसुद्धा ती पीत नाही.