वळलेल्या मेंढ्याचा फोटो

जनावरांचे फोटो काढणारा माणूस लई मायाळू असतो, असा एक समज आहे. हा समज ज्यानं पसरवला त्याला एकदा आमच्या वडगावच्या गल्लीत आणून उभा केला पाहिजे.

मी आठवडाभर पावरलूमवर साड्या विणतो आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून जांबोटीच्या रानाकडं जातो. धनेश, शेकरू, नशीब थोर असलं तर गवा. तिकडच्या बसचा काही भरवसा नसतो, त्यामुळं निम्मा दिवस पायपीट. आमची आई म्हणायची, "घरात उंदरं नाचाय लागल्यात, आणि ह्यो खारी बघाय जांबोटीला चाललाय." पण रानातल्या जनावराचं एक बरं असतं. त्याला तुम्ही आवडला नाही तर ते निघून जातं. पाळलेल्याला ती सोय नाही.

गल्लीला माझ्या कॅमेऱ्याचा पत्ता लागला आणि माझ्या सुट्टीचं वाटोळं झालं. कुत्र्याचा वाढदिवस, चल फोटो काढ. कुत्र्याच्या डोक्यावर टोपी, टोपीचं इलॅस्टिक गळ्याला काचलेलं, आणि मालक कौतुकानं म्हणतोय, "हसतंय बघ कसं." ते धाप लागून जीभ काढत होतं. पाडव्याला म्हशींच्या शिंगांना रंग, गळ्यात माळा, आणि पुढं सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली. म्हशी भेदरून पळतात आणि मालक मला सांगतो, डोळे किती टपोरे आलेत ते घे जवळनं. मी घ्यायचो. फोटो खरंच चांगले यायचे, हे आणखी वाईट.

समोरच्या घरातले अण्णा मात्र ह्या सगळ्यांच्या वरचढ. त्यांचेही माग आहेत, पण त्यांचा जीव मागात नाही, टकरीच्या मेंढ्यात. आमच्या सीमाभागात जत्रेला मेंढ्यांच्या टकरी लावतात. दोन मेंढे समोरासमोर सोडायचे. ते मागं सरकतात, पळत येतात, आणि कपाळावर कपाळ आपटतं. तो आवाज ऐकून बघणाऱ्याचे दात शिवशिवतात. मरेपर्यंत झुंजायचं असा काही नियम नाही. जो पाठ फिरवेल तो हरला. पण एकदा पाठ फिरवलेला मेंढा परत कुणी मैदानात आणत नाही. त्याला खायला घालणं म्हणजे लाज पोसणं. त्याची वाट मटणाच्या दुकानाकडं जाते, आणि मालक चार लोकांना जेवायला बोलावून विषय संपवतो.

अण्णांचा मेंढा म्हणायचा तो नावाला. मैदानात मिरवायला अण्णा, बाकी सगळं वैनी. वैनींचं माहेर नंदगडकडचं. तिथनं त्यांनी आई मेलेलं कोकरू पदरात घालून आणलं होतं, बाटलीनं दूध पाजून वाढवलं. ते नळाला त्यांच्या मागं, गिरणीला त्यांच्या मागं, हळदीकुंकवाला गेल्या तर दारात बसून. पुढं त्याला शिंगं फुटली, मान जाड झाली आणि अण्णांची नजर पडली. "ह्याला शिंगंच याय नको हुती बघा, भावजी," वैनी मला म्हणायच्या. अण्णांनी त्याला पळवून, पोहवून, हरभरे चारून तयार केला. त्याचं एक नाव होतं, गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ते मी लिहिणार नाही.

नंदगडच्या बाजूला एका जत्रेत त्याची पहिली मोठी टक्कर लागली, निपाणीकडच्या एका नावाजलेल्या मेंढ्याशी. अण्णांनी मला नेलं, फ्लेक्सवर छापायला फोटो पाहिजे होते. माहेरची जत्रा म्हणून वैनीही आल्या होत्या. बायका टकरीच्या मैदानाकडं येत नाहीत. वैनी आल्या, आणि कुंपणाच्या बांबूला धरून उभ्या राहिल्या.

मी बटण दाबून धरलं की माझ्या कॅमेऱ्यात फोटोंची माळ लागते. टकरीमागून टकरी होत होत्या आणि आमचा मेंढा तसूभर हटत नव्हता. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं होतं. तो परत मागं सरकला, धावायच्या बेतात आला, आणि एकाएकी मान वळवून कुंपणाकडं दुडदुडत निघाला. सगळं मैदान हसलं. माईकवरच्या माणसानं आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत सांगितलं की पळाला, पळाला. अण्णांचा चेहरा बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मेंढ्याचे हरभरे बंद केले आणि कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानदाराला सांगून टाकलं, रविवारी ये. वैनी त्यांच्या पाया पडल्या. माहेरी पाठवते, कळपात राहील, तुमच्या नजरेला पडणार नाही, म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "भित्र्याचं बी कळपात पेरतीस व्हय?"

त्याच संध्याकाळी वैनी माझ्याकडं आल्या. त्याचे फोटो आहेत का, एक मला द्या, एवढंच त्यांना पाहिजे होतं. मी माळ उघडली आणि एकेक दाखवत गेलो. वळायच्या आधीच्या फोटोत मागं कुंपण दिसत होतं. कुंपणावर वैनी, तोंड उघडलेलं, हात पुढं केलेला. पुढच्या फोटोत मेंढ्याचा कान तिकडं. त्याच्या पुढच्या फोटोत मान तिकडं. तो घाबरून पळाला नव्हताच. त्याला हाक ऐकू आली होती.

"मी बोलावलं हुतं त्याला," वैनी म्हणाल्या. "रगात बघून तोंडातनं निघून गेलं." मग म्हणाल्या, "ह्यो फोटो दाखवा त्यांना."

मी म्हटलं, "वैनी, तुमची हाडं मोडतील ते."

"मला कापणार न्हाईत न्हवं?" त्या म्हणाल्या.

फोटो मोबाईलवर घेऊन आम्ही दोघं अण्णांकडं गेलो. अण्णांनी फोटो बोटांनी मोठा केला, पुढचा बघितला, परत मागं येऊन तोच बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर जत्रेपासनं पहिल्यांदा रक्त आलं. मोबाईल माझ्या हातात दिला, उठले, माझ्यादेखत वैनींच्या थोबाडीत वाजवली, आणि आत जाऊन मेंढ्यासाठी ओंजळभर हरभरे घेऊन आले. मेंढा खायला लागला. वैनी गाल चोळत त्याच्याकडं बघून हसत होत्या. मला त्या नवरा-बायकोचा, मेंढ्याचा, माझ्या कॅमेऱ्याचा, सगळ्यांचाच इतका राग आला की मी चहा न घेता निघून आलो.

अण्णांनी तो फोटो माझ्या मोबाईलवरनं स्वतःला पाठवून घेतला होता. वैनींच्या तोंडाभोवती लाल गोल काढून त्यांनी तो टकरीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, मेंढा नाही हरला, बायको आडवी आली. आठवड्यात तो फोटो निपाणीपर्यंत जाऊन आला. नळावर बायका वैनींना म्हणायच्या, "आक्का, जरा हाक मारा की, पाणी येतंय का बघू." मागावरचे गडी त्यांना बघितलं की मेंढ्यासारखे ओरडायचे. वैनी खाली मान घालून घागर भरायच्या. एकदा मी एकाला झापलं, तर वैनीच मला म्हणाल्या, "बोलू दे भावजी. माझं काय जातंय. त्यो जित्ता हाय."

त्यांना वाटलं प्रकरण मिटलं. मलाही वाटलं. आम्ही दोघं खुळे. भित्रा नसलेला मेंढा घरात बसवून ठेवतो काय कोण? अण्णांनी निपाणीच्या त्याच मेंढ्याशी परत टक्कर ठरवली, ह्या खेपेला निपाणीवाल्यांच्या मैदानात.

मेंढ्याच्या कपाळावरची खपली अजून ओली होती. रोज वैनी हळद लावायच्या आणि रोज ती चिघळायची. त्यांनी मला गळ घातली, तुमचं ऐकतील, सांगा. मी गेलो. म्हटलं, "अण्णा, जखम भरली न्हाय अजून. महिनाभर थांबा."

"तू फोटो काढ," अण्णा म्हणाले. "डागदर होऊ नको."

आणि बायको परत आडवी यायला नको म्हणून त्यांनी टकरीच्या आदल्या दिवशी वैनींना रेल्वेनं लोंढ्याला लेकीकडं धाडलं. स्टेशनला सोडायला मीच गेलो होतो. खिडकीतनं त्या म्हणाल्या, "लई रगात आलं तर तुम्ही तरी हाक मारा. नाव घेऊन मारा, वळतो त्यो." मी म्हटलं, मारतो.

आणि मारली. हे मी शपथेवर सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या टकरीतच ती खपली फुटली. त्याचं अर्धं तोंड लाल झालं, पुढचे गुडघे थरथरायला लागले. मी कॅमेरा सोडून कुंपणाला जाऊन त्याच्या नावानं बोंबललो. बाजूच्या माणसांनी मला मागं ओढलं, शिव्या घातल्या. मेंढ्यानं कानसुद्धा हलवला नाही. मी त्याच्या समोरच्या घरातला माणूस, रोज बघतो मला. पण त्याच्या लेखी हाक म्हणजे माझी नव्हेच ती. मी परत कॅमेरा उचलला, कारण हाताला दुसरं काय करायचं ते कळेना.

पुढच्या टकरीला वेगळाच आवाज आला. तो खाली बसला, नीट पाय दुमडून, वैनींच्या दारात बसायचा तसा, आणि मग कलंडला.

अण्णा धावले. त्याची मान मांडीवर घेऊन ढसाढसा रडले. ते रडणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्यांच्या कानशिलात हाणावीशी वाटली. "गेला माझा वाघ," ते म्हणत होते, "पर वळला न्हाय." मैदानानं टाळ्या वाजवल्या. माईकवरच्या माणसानं दोन्ही भाषांत त्याची तारीफ केली. गुलाल टाकून त्याला गल्लीत आणला आणि गल्लीमागच्या मोकळ्या जागेत पुरला. सकाळी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो मीच काढलेला. त्यात अण्णांचं तोंड मेंढ्यापेक्षा मोठं छापलं होतं.

हे सगळं करताना लोंढ्याला फोन करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आधी बंद केला. वैनी आपल्या आपण परत आल्या. रिक्षा कोपऱ्यावर थांबली, त्या पैसे द्यायला वळल्या, आणि समोर फ्लेक्स. पिशवीत त्याच्यासाठी लेकीकडनं आणलेला पाला होता. रिक्षावाला सुट्टे पैसे पुढं करून उभा, त्यांना ते दिसेनात. मग त्यांनी ते घेतले आणि सरळ माझ्या दारात आल्या.

"फोटो दाखवा," म्हणाल्या.

मी म्हटलं, "नको, वैनी."

"दाखवा म्हणते न्हवं."

मी माळ उघडली. पहिल्या टकरीपासनं शेवटपर्यंत. रक्ताकडं त्यांनी बघितलंच नाही. प्रत्येक टकरीनंतर मेंढा मागं सरकतो, तेवढेच फोटो त्या थांबवायला सांगत होत्या. मी काढताना माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्याशेजारी बसून बघताना आलं. मागं सरकताना तो दर खेपेला कुंपणाकडं बघत होता. एका फोटोत ह्या बाजूला, एका फोटोत त्या बाजूला, बांबूच्या मागं उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडांवरनं त्याची नजर फिरत होती. एका फोटोत तर समोरचा मेंढा धावत निघालाय आणि ह्याचं तोंड अजून तिकडंच.

"मला न्यायला पायजे हुतं," वैनी म्हणाल्या. "हाक मारली असती तर वळला असता."

मग समोरनं अण्णांची हाक आली आणि त्या उठल्या. अण्णांना भेटायला निपाणीची माणसं आली होती आणि घरात चहाला दूध नव्हतं.